दुपारचा दाणा

२ एप्रिल

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे राहू दे. सहा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात पहिलं वाक्य काय, तर ‘आईला माझ्याकडे पाठव’. धाकटा भाऊ जिवंत आहे की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. असो. मी बरा आहे.

तुला कोणी कळवलं ते मी पाकीट न फोडताच ओळखलं. समोरची शिवणवाली. तिच्या मशीनपेक्षा तिची जीभ जास्त टाके घालते. आई भर बाजारात उभी राहून आपल्याच घराचा रस्ता विचारत होती, असंच लिहिलं ना तिने? त्यात अर्धं खरं आहे. बाजारात इतकी नवी दुकानं झाली आहेत की मलाही कधी कधी वळण चुकतं. सत्तरी उलटलेल्या बाईला एक गल्ली सापडली नाही, म्हणून लगेच तिला उचलून तुझ्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं का? तिथे ती करणार काय? गॅलरीतून खाली बघत बसणार?

तुझी अट वाचली. ‘तिला एकटीला सोडण्यासारखं राहिलं नसेल तर मी येऊन तिला घेऊन जाईन, तू आडवा पडलास तरी.’ तिला सोडता येतं. मी पुढच्या खोलीत दिवसभर वेल्डिंग करतो, ती मागच्या अंगणात असते, मधे एक दार. याला एकटं सोडणं म्हणत नाहीत. कोंबड्या अठरा आहेत, दोन शेळ्या आहेत आणि ती म्हातारी गायही आहे, जिला आई ‘मावशी’ म्हणते आणि जिच्याशी ती माझ्यापेक्षा जास्त बोलते. बाबा गेल्यावर तू म्हणालीस, हे सगळं विका आणि माझ्याकडे चला. ती म्हणाली, गुरं टाकून मी कुठे येत नाही. तू म्हणालीस, मग बस शेणात. आणि गेलीस. तर ती अजून शेणातच बसली आहे आणि मजेत आहे. काल एका कोंबडीच्या पोटाखाली हात घालून म्हणाली, ‘हिचं आज काही खरं नाही, उद्या सकाळी देईल.’ आज सकाळी अंडं होतं. ज्या बाईला कोंबडीचं उद्याचं कळतं, तिला स्वतःचं घर कळत नाही, असं तू शिवणवालीकडून ऐकून ठरवणार?

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो, आणि मग आई विचारते कोण गेलं. पत्रच बरं.

धाकटा

११ मे

ताई,

तुझं उत्तर आलं. एवढी कडक भाषा वापरायची गरज नव्हती, इथे ऊनच पुरेसं आहे.

असा उन्हाळा मी पाहिलेला नाही. सकाळी नऊला पत्र्याला हात लागला तर कातडी तिथेच राहते. खुराड्यावर पत्रा मीच घातला होता, मोठ्या हौसेने, चारही बाजूंनी जाळी वेल्ड करून. आई म्हणते, ‘धाकट्या, तुझ्या या तव्यावर कोंबड्यांनी अंडी घालायची वाट कशाला बघायची, उलथणंच आण.’ म्हणून आता पत्र्यावर वाळल्या गवताचा थर टाकला आहे, बाजूंना ओली गोणपाटं लावली आहेत, आणि माझ्या दुकानातला पंखा खुराड्याला दिला आहे. मी घामाने निथळतो आणि कोंबड्या वारा खातात. तरी चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सोडवून बसतात बिचाऱ्या.

तुला आईचा उन्हाळ्यातला नियम आठवतच असेल. दाणा टाकायचा तो उजाडायच्या आधी आणि मग ऊन उतरल्यावर. मधे फक्त पाणी, तेही सावलीत ठेवलेलं. भरल्या पोटी कोंबडीला आतूनच ऊब चढते, बाहेरून ऊन आणि आतून दाणा, मग ती टिकत नाही. ‘दुपारचा दाणा म्हणजे चुलीत लाकूड,’ असं ती आपल्याला किती वेळा म्हणाली असेल. लहानपणी तू एकदा दुपारी मूठभर टाकला होतास, तेव्हा तुझा कान पिळला होता.

मंगळवारी सात गेल्या. पोलिसीण गेली, ती लाल तुऱ्याची, जी मांजरावर धावून जायची. लंगडीही गेली. मी जेवायला आत आलो तेव्हा खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर पडल्या होत्या. मागच्या भिंतीलगत खड्डा खणून पुरल्या. उचलताना गळ्याखालच्या पिशव्या हाताला टणक लागत होत्या. उन्हानेच गेल्या. दूधवाल्याकडेही गेल्या आहेत, सगळीकडे हीच रड आहे.

आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, पोलिसीण कुठे दिसत नाही.

म्हातारं माणूस आहे, धक्का बसला की असं होतं.

धाकटा

२४ मे

ताई,

तू एका ओळीचं पत्र पाठवलंस. ‘पिशव्या टणक होत्या, तर दुपारी दाणा कोणी टाकला?’

मी टाकला. डोक्यात कामाची गडबड होती, वेळेचं भान राहिलं नाही. झालं समाधान? आता मला न्यायला ये हवं तर.

धाकटा

१९ जुलै

ताई,

पाऊस लागून राहिला आहे. अंगणात पाऊल टाकलं की चिखल चप्पल काढून घेतो. खुराड्यातला भुसा दर दोन दिवसांनी बदलावा लागतो, नाहीतर कोंबड्या शिंकायला लागतात. मावशीच्या खुरांत जखमा झाल्या आहेत. हे सगळं पावसाचं नेहमीचंच. ते सांगायला हे पत्र नाही.

काळी शेळी गेली. गाभण होती.

आता खरं सांगतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि मी तर सात कोंबड्या झाकून बसलो होतो. मे महिन्यात दुपारचा दाणा मी नव्हता टाकला. आईने टाकला. पहाटे टाकला, मग दहाच्या सुमारास टाकला, आणि भर दुपारी परत. एका मोठ्या गेटचं काम चालू होतं, डोळ्यांवर काच, कानांत आवाज. ऊन डोक्यावर असताना मी पाणी प्यायला उठलो आणि दारातून पाहिलं तर ती उन्हात उभी, हातात दाण्याचं भांडं, आणि कोंबड्यांना म्हणते, ‘सकाळपासून उपाशी ठेवलंय गं तुम्हाला. कोणाचं लक्ष नाही या घरात.’ मी म्हणालो, आई, तू टाकलास ना सकाळी. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या तोंडावर खोटं बोलतोय. कोंबड्यांना काय, त्यांना नियम माहीत नसतो. टाकलं की खातात.

त्यानंतर मी दाण्याच्या पिंपाला कडी वेल्ड केली आणि कुलूप घातलं. वेल्डरच्या डोक्यात दुसरं काय येणार. अडचण दिसली की ठोक कडी. किल्ली माझ्या खिशात. तिने किल्ली मागितली नाही की भांडलीही नाही, म्हणून मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. जूनमध्ये मी निवांत होतो. तुला पत्र लिहिलं नाही ते त्यामुळेच.

तिने पिंपाचा नाद सोडला आणि ती स्वयंपाकघरात शिरली. पावसात शेळ्या आठवडाभर बांधून होत्या, सुका चारा कमी होता, आणि काळी ओरडत होती. आईने डब्यातलं सगळं पीठ मळलं आणि गोळे करून तिला चारलं. मी आलो तेव्हा परात धुवायलाही टाकलेली नव्हती. शेळीची डावी कूस ढोलासारखी तट्ट फुगली होती आणि ती दात खात होती. गुरांचा डॉक्टर गुडघाभर चिखलातून आला, तेल पाजलं, सुई घालून हवा काढायचा प्रयत्न केला. पण हवा असती तर निघाली असती, आत सगळं पीठ आंबत होतं. डॉक्टर हात धुता धुता एवढंच म्हणाला, ‘घरात लक्ष ठेवायला कोणी नाही का?’

आई शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, ‘मुक्या जिवाला पीठ कोणी चारलं रे? हात कसा धजला?’

मी म्हणालो, मी चारलं.

तिने मला थोबाडीत मारली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, डॉक्टरसमोर. ‘धाकट्या, लाज वाटत नाही तुला?’ आणि तुला खोटं वाटेल, पण मला बरं वाटलं. कारण त्याच्या आधी दोन दिवस तिने मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

तू येऊ नकोस, ताई. मी हात जोडून सांगतो. आता पीठही कुलपात आहे. मी दुकान दुपारी बंद ठेवतो आणि तिच्याबरोबर अंगणात बसतो. गुरं आहेत तोवर तिचे हात तरी चालतात. हात थांबले तर मग काय उरणार तिच्यात? तू तिला चौथ्या मजल्यावर नेशील, ती खुर्चीत बसेल, आणि महिनाभरात ती खुर्चीच होऊन जाईल. इथे तिला मी नाही आठवलो तरी शेळीची कास आठवते.

धाकटा

५ डिसेंबर

ताई,

तू आली नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार. तू पाठवलेलं लोकरीचं जाकीट आईला बसलं. ती म्हणाली, कोणाचं आहे? मी म्हणालो, ताईने पाठवलंय. म्हणाली, ‘ती शाळेतून आली का?’

बातमी चांगली आहे. मुकी म्हणून जी कोंबडी होती ना, जी कधी आवाज करायची नाही, ती खुडूक बसली. मी म्हणालो, थंडी तोंडावर आली आहे, आत्ता पिल्लं नकोत. आईने ऐकलं नाही. टोपलीत गवत घातलं, एकेक अंडं उजेडासमोर धरून निवडलं आणि मुकीखाली ठेवलं. त्या एकवीस दिवसांत आई जशी होती, तशी मी गेल्या दोन वर्षांत पाहिली नव्हती. मुकी दाणा खायला उठली की आई टोपलीवर फडकं घालायची आणि ती परत बसली की काढायची. एकदाही चुकली नाही. मी शिवणवालीला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा आणि आता हेही कळवा.

पिल्लं निघाली. नऊ. पिवळीधमक.

शिवणवाली तुला कळवणारच, म्हणून मीच लिहितो. ती पिल्लं बघायला आली तेव्हा आई तिला म्हणाली, ‘गडी चांगला मिळालाय हो मला. कामाला वाघ आहे. जरा तोंडाळ आहे, पण चालायचंच.’ मी हसलो. शिवणवाली हसली नाही, उगाच पिल्लांकडे बघत राहिली. आई मला आता बहुतेक वेळा गडीच समजते. ‘गड्या, मावशीला पाणी दाखव.’ ‘गड्या, तू जेवलास का? आमच्या घरी कोणी उपाशी राहत नाही.’ गड्याशी ती फार प्रेमाने वागते. मुलाशी इतक्या प्रेमाने कधी वागली नव्हती, मुलाला शिव्याच होत्या. मला वाईट वाटतं का, असं तू विचारशील. वाटतं. खूप वाटतं. पण ती घरात आहे आणि तिचे हात चालू आहेत. तेवढ्यासाठी मी गडी तर गडी.

धाकटा

२२ डिसेंबर

ताई,

ये आणि तिला घेऊन जा.

आई ठीक आहे, आधी हे लिहितो. दवाखान्यातून काल घरी आणली. आता चहा प्यायली.

मुकीला मांजराने नेलं. पोलिसीण असती तर नेऊ दिलं नसतं. नऊ पिल्लं बिनआईची झाली, म्हणून मी खोक्यात दिवा लावून त्यांना उबेला ठेवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी वीज गेली. धुकं इतकं दाट होतं की अंगणातून गोठा दिसत नव्हता. मी पिल्लांचं खोकं आत आणलं, फडक्यांत गुंडाळलं आणि आईला म्हणालो, तू झोप, मी बघतो. आणि मीच झोपलो. दिवसभर तिच्या मागे फिरून माझ्याही पायांचे तुकडे पडले होते.

पहाटे ती उठली असणार. तिला वाटलं, पिल्लं गारठतील. बरोबरच वाटलं. तिने शेगडीत कोळसे पेटवले, शेगडी आणि खोकं दोन्ही आपल्या खोलीत नेलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराच्या खाली चादर लावली. सगळं इतकं व्यवस्थित केलं, ताई, की मला तिची तारीफ करावीशी वाटते. वारा कुठून येतो ते तिला नीट आठवलं. कोळशाच्या विषारी हवेला बाहेर जायला वाट लागते, तेवढंच आठवलं नाही.

मी उजाडल्यावर उठलो. तिचं दार ढकललं तर चादरीमुळे अडकत होतं. खांद्याने लोटलं. खोली छान उबदार होती, धूर फारसा नव्हता, आणि खोक्यात पिल्लं ओळीने निजल्यासारखी पडली होती. एक हातात घेतलं. मान लुळी. तेव्हा मला कळलं की मी आधी खाटेकडे बघायला हवं होतं.

आईचे गाल लाल झाले होते. किती हलवली तरी उठेना. मी तिला उचलून अंगणात आणली, त्या धुक्यात, नुसत्या जमिनीवर ठेवली. किती हलकी झाली आहे ती, तुला कल्पना नाही. मी ओरडत होतो. शिवणवाली तशीच अनवाणी धावत आली, तिनेच गाडी बोलावली. चोंबडी म्हणालो मी तिला आयुष्यभर. गाडी येईपर्यंत तिने आईचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेवटी आईला उलटी झाली आणि तिने डोळे उघडले.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ गेला असता तर आणून उपयोग नव्हता.

घरी आल्यावर तिने पिल्लं विचारली. मी सांगितलं. ती रडली. थोड्या वेळाने परत विचारलं, मी परत सांगितलं, आणि ती पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली. आता मी सांगतो, मोठी झाली, खुराड्यात आहेत.

मी अजून किती कड्या ठोकणार? पिंप झालं, पीठ झालं, आता शेगडी, मग काडेपेटी, मग तिच्या खोलीचं दार. तिला कुलपात ठेवायचं तर ते तुझ्या चौथ्या मजल्यावरच बरं, तिथे तू आणि भावोजी, तुम्ही दोघं आहात. इथे मी एकटा आहे आणि मला झोप लागते.

लवकर ये.

धाकटा

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. ती सकाळी लवकर उठून दार शोधते, असं लिहिलंस. तेव्हा तिच्या हातात काहीतरी दे. शेंगा सोलायला दे, कपड्यांच्या घड्या घालायला दे. घड्या झाल्या की तिच्या नकळत मोडून ठेव. यात फसवणूक आहे हे मला कळतं, पण ती खूश असते. पाणी प्यायला लावायचं असेल तर ‘पी’ म्हणू नकोस, ‘हे चांगलं आहे का बघ जरा’ असं म्हण, म्हणजे ती पिते. तुझ्यावर ओरडली तर मनाला लावून घेऊ नकोस. ओरडते म्हणजे ओळखते.

इथलं सगळं ठीक आहे. उरलेली शेळी दूधवाल्याला दिली. मावशीला कोण घेणार, ती आणि मी राहिलो. कोंबड्या अंडी देतात आणि मी ती शिवणवालीकडे नेऊन देतो. ती मला तुझ्या पत्रातलं सगळं वाचून दाखवायला लावते, पुन्हा पुन्हा.

गाडीत बसताना आईने मला खाली वाकवून कानात काय सांगितलं, हे तू विचारलंस. त्या दिवशी मी तुला ‘काही नाही’ म्हणालो, कारण तिथे भावोजी उभे होते, ड्रायव्हर उभा होता.

ती म्हणाली, ‘गड्या, मी चार दिवस लेकीकडे जाऊन येते. माझा धाकटा घरात आहे. तो एकटा असला की जेवत नाही, तुकडा मोडून उठतो. तू त्याच्यासमोर बसून त्याला जेवायला घाल. घालशील ना?’

मी म्हणालो, घालतो, बाई.

ती तुला त्याच्याबद्दल विचारेल. आज नाही तर उद्या विचारेल. तेव्हा तिला सांग, गड्याचं पत्र आलंय, धाकटा दोन्ही वेळा नीट जेवतो.